पाण्याच्या टाकीवरची चार फूट जागा : सोलापूर जिल्ह्यातल्या सरपंचांना आणि भाऊसाहेबांना खुलं पत्र

सर्व सरपंच, उपसरपंच, सदस्य मंडळी आणि ग्रामसेवक भाऊसाहेब यांना नमस्कार.

मी सोलापूरचाच, गावोगावी इंटरनेटच्या वायरलेस लिंक उभ्या करायचं काम करतो, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला, दक्षिण सोलापूर असा फिरत असतो आणि कामातला निम्मा वेळ कुठल्या तरी टाकीच्या जिन्यावरच जातो. हे पत्र कलेक्टर ऑफिसला किंवा मंत्रालयात न पाठवता तुम्हाला लिहितोय त्याला कारण आहे. गावात नेट यायचं की नाही, आलेलं टिकायचं की नाही, यातला लई मोठा भाग आज तुमच्या हातात आहे आणि बऱ्याच गावात ते कुणी तुम्हाला नीट सांगितलेलंच नाही.

आधी बॅकहॉल म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गडबड तिथंच होते. घरात वायफायचं मशीन बसवणं सोपं आहे, ते कुणीही दोन तासात बसवतं. अवघड असतं ते गावापासून तालुक्यापर्यंत किंवा शहरापर्यंतचं कनेक्शन, ज्यातून अख्ख्या गावाचा डेटा जातो येतो. नळ घरोघरी दिले आणि मेन लाइनच दोन इंचाची टाकली तर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय. समजा गावात शंभर कनेक्शन आहेत आणि रात्री नऊला सगळे बसले मोबाइल-टीव्ही लावून, प्रत्येकाला सरासरी दोन-अडीच एमबीपीएस (नेटचा वेग मोजायचं माप) जरी धरलं तरी गावाला मागून दोनशे ते अडीचशे एमबीपीएस यायला पाहिजे. ते येत नसेल तर घरातला राउटर कितीही भारी घ्या, गोल गोल फिरतंच राहणार. आणि लोक म्हणणार ऑपरेटर चोर आहे.

ही मेन लाइन फायबरची असेल तर सगळ्यात चांगलं, हे मी स्वतः वायरलेसचं काम करत असून सांगतो, कुणाला शंका नको. सरकारनं २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, तेव्हा नाव वेगळं होतं, पुढं तिचं भारतनेट झालं, महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्यात महानेट म्हणून काम झालं, आणि ४ ऑगस्ट २०२३ ला केंद्रानं १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे रिंग. आधी फायबर सरळ रेषेत जायचं, तालुक्यातून पहिलं गाव, मग दुसरं, मग तिसरं, त्यामुळं पहिल्या गावाच्या अलीकडं जेसीबीचं बकेट लागलं की पुढची सगळी गावं एका मिनिटात बंद. रिंगमध्ये दोन्ही बाजूंनी रस्ता असतो, एकीकडनं तुटलं तर दुसरीकडनं चालू राहतं.

पण आपल्या जिल्ह्यात गेली काही वर्षं काय चाललंय ते बघा की. पालखी मार्गाचं चौपदरीकरण झालं, इकडं हायवेची कामं, गावात जलजीवनची पाइपलाइन, शेतकऱ्याची स्वतःची विहिरीवरून आणलेली पाइपलाइन, सगळीकडं खोदाई. फायबर रस्त्याच्या कडंनंच जातं, मग ते तुटणार नाही तर काय होणार. त्यात आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि जिथं खडक लागला तिथं ठेकेदारानं केबल वरच्यावरच टाकलेली असते. २०२३ च्या मार्चमध्ये केंद्रानं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं, खोदायच्या आधी कुणाची केबल आहे ते विचारायचं म्हणून. चांगलं ॲप आहे, पण गावातल्या जेसीबीवाल्याला त्याचं नाव माहिती असेल तर मला आश्चर्य वाटेल. तुमच्या हद्दीत खोदाई निघाली तर एवढं एक तुम्ही त्याला सांगा, फार उपकार होतील.

आता यातून मार्ग काय, तर जोपर्यंत फायबर नीट होत नाही तोपर्यंत वायरलेस, आणि फायबर नीट झालं तरी दुसरा रस्ता म्हणून वायरलेसच. हे काही जुगाड नाही. तुमच्या गावातल्या मोबाइल टॉवरवर जे गोल पांढरे ड्रम दिसतात ना ते हेच काम करतात, टॉवर टू टॉवर मायक्रोवेव्ह. तमिळनाडूत थेनीकडं अरविंद नेत्र रुग्णालयानं लांब पल्ल्याच्या वायफाय लिंक टाकून खेड्यातल्या केंद्रातले पेशंट डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवले, त्याला आता वीसेक वर्षं झाली. आपल्याच राज्यात आयआयटी मुंबईच्या ग्राम मार्ग प्रकल्पानं पालघरच्या खेड्यांत अशीच मधली जोडणी करून दाखवली, त्याला २०१७ साली मोझिलाचं बक्षीस मिळालं. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रानं रेडिओ लहरींचा ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा (बँड), एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, विनापरवाना खुला केला, म्हणजे पॉवरची मर्यादा पाळून तुम्ही त्यावर बाहेर उघड्यावर लिंक टाकू शकता, लहरी वापरायचे, म्हणजे स्पेक्ट्रमचे, पैसे लागत नाहीत. इंटरनेट विकायला परवाना लागतो, तो ऑपरेटरकडं असतो, तो मागून बघायचा तुमचा हक्क आहे, जरूर बघा.

मग अडतं कुठं. उंचीवर अडतं.

हे जरा सविस्तर सांगतो कारण इथंच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. दोन डिश एकमेकांना दिसल्या म्हणजे लिंक चालते असं नाही. लहरी एका धाग्यासारख्या जात नाहीत, मधे फुगतात, आणि त्या फुगलेल्या भागात झाड आलं तरी सिग्नल खातो. साधा हिशोब, दहा किलोमीटरची लिंक ५.८ गिगाहर्ट्झवर घेतली तर बरोबर मधोमध त्या फुगवट्याची त्रिज्या साधारण ११ मीटर येते, त्यातला साठ टक्के भाग तरी मोकळा लागतो, म्हणजे जवळजवळ ७ मीटर. वरून पृथ्वी गोल आहे त्याचा दीड मीटर. आता वाटेत १० मीटरची कडुलिंबाची, निलगिरीची झाडं आहेत असं धरा, तर सरळ रेषा १८-१९ मीटरवरून जायला पाहिजे. ऊस कितीही वाढला तरी त्याचा त्रास नाही, तो खालीच राहतो. त्रास झाडांचा, आणि नवीन बंगल्यांचा. मंगळवेढ्याकडचं काळं रान सपाट आहे तिथं १८ मीटर पुरतात, पण बार्शीच्या वरच्या अंगाला बालाघाटाचे डोंगर, नातेपुत्याच्या पलीकडं शिंगणापूरची रांग, तिथं गणित बदलतं, कधी टेकडीच कामाला येते, कधी टेकडीच आडवी येते.

आता १८ मीटर उंची गावात कुठं आहे ते तुम्हीच सांगा. देवळाचं शिखर, त्याला हात लावायचा नाही, बरोबरच आहे. कारखान्याची चिमणी प्रत्येक गावात नाही. शाळा एकमजली. राहिली ती पाण्याची उंच टाकी, आणि ती ग्रामपंचायतीची. नवीन मनोरा उभा करायचा म्हटलं तर फाउंडेशन, लोखंड, मनोऱ्याला ताणून धरणाऱ्या तारा (गाय वायर), जागा, सगळं धरून लहान ऑपरेटरचा हिशोबच बसत नाही, तो गाव सोडून देतो. म्हणून म्हणतो, तुमची टाकी ही आज गावाच्या इंटरनेटची किल्ली आहे, आणि टाकीच्या जिन्याला कुलूप लावून पाणीपुरवठ्याचा माणूस किल्ली घेऊन रानात गेला की अख्खं गाव ऑफलाइन, हे मी बघितलेलं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. लिंक नेहमी तुमच्या गावापाशी संपत नाही, तुमच्यावरून पुढं जाते. तालुक्यापासून पंचवीस किलोमीटरवरच्या गावाला थेट लिंक बसत नाही, मधे एक-दोन टाक्या लागतात. मागच्या एका पावसाळ्यानंतर एका गावात (नाव नाही घेत) निवडणुकीत गट बदलला, नवीन मंडळींनी सांगितलं आधीच्यांनी दिलेली परवानगी आम्हाला मान्य नाही, डिश उतरवा. उतरवल्या. त्या गावात दुसरं कनेक्शन होतं, त्यांचं फार काही बिघडलं नाही, पण मागची तीन गावं बंद पडली, त्यात एका गावातल्या पोरी स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरायला दुसऱ्याच्या गाडीवर तालुक्याला गेल्या आणि रेशन दुकानात पॉस मशीन चालेना म्हणून म्हाताऱ्या माणसांची दिवसभर लाइन लागली. मला कुणाला दोष द्यायचा नाही, राजकारण गावात असणारच, पण ज्या गावांना फटका बसला त्यांचं त्या निवडणुकीत मतसुद्धा नव्हतं हो.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे, आणि याच्यासाठीच हे पत्र. टाकीवरची चार फूट जागा इंटरनेटच्या लिंकसाठी ग्रामसभेच्या ठरावानं द्या, सरपंचाच्या तोंडी परवानगीवर ठेवू नका, आणि त्या ठरावात स्पष्ट लिहा की शेजारच्या गावाकडं जाणारी लिंकसुद्धा याच जागेवरून जाऊ दिली जाईल. तीन-चार शेजारच्या ग्रामपंचायतींनी असा सारखा ठराव केला की रिंग आपोआप तयार होते, सरकारी रिंगची वाट बघायची गरज नाही. एका टाकीवर वीज पडली, डिश जळाली, तर दुसऱ्या बाजूनं नेट चालू राहतं आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी येऊन दुरुस्त करायला सवड मिळते.

भाड्याचं बोलतो, कारण तो विषय टाळून चालणार नाही. काही ठिकाणी महिन्याला पाच हजार मागतात. ग्रामपंचायतीला उत्पन्न पाहिजे हे मान्यच. पण समजा गावात चाळीस ग्राहक, चारशे रुपये महिना, झाले सोळा हजार, त्यातून टॅक्स, वरून विकत घेतलेलं नेट (बँडविड्थ), कामावरच्या पोराचा पगार, लाइट, आणि पाच हजार टाकीचे, तर तो ऑपरेटर सहा महिन्यात पळून जाणार आणि गाव परत तिथंच. त्याऐवजी शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि ग्रामपंचायत ऑफिसला फुकट कनेक्शन मागा, आणि ग्राहक वाढले की भाडं वाढेल असं कलम घाला. मोबाइल कंपनीच्या मोठ्या टॉवरकडनं भाडं घ्याच, तो धंदा वेगळा आहे. आणि एकट्याच ऑपरेटरला टाकी कायमची लिहून देऊ नका, उद्या दुसरा चांगला आला तर दार उघडं पाहिजे.

करारात अजून काही गोष्टी पाहिजेत, त्या तुमच्या टाकीच्या भल्याच्या आहेत. पाण्याच्या कुंडाच्या भिंतीला किंवा घुमटाला भोक पाडायचं नाही, म्हणजे नाहीच, क्लॅम्प कॉलमला किंवा रेलिंगला मारायचा आणि रेलिंग गंजलेलं असेल तर तेही नाही. वर चढणाऱ्याला सेफ्टी बेल्ट पाहिजे. तडित रक्षक आणि वेगळं अर्थिंग पाहिजे, कोळसा-मिठाचा खड्डा नीट करून, कारण मे महिन्यातला वळीव येतो तेव्हा आपल्याकडं विजा कशा पडतात ते माहितीय. केबल बाहेरच्या उन्हात टिकणारी पाहिजे, काळ्या जाड कव्हरची, शिल्ड असलेली. घरातली करडी केबल बाहेर टाकली की आपल्या ४३-४४ डिग्रीत दोन उन्हाळ्यात कव्हर तडकतं, पाणी आत उतरतं आणि मग लोक म्हणतात पाऊस आला की वायरलेस बंद पडतं. ५ गिगाहर्ट्झला आपल्या पावसानं जवळपास काही होत नाही. पावसात लिंक पडते ती ओल्या झाडांनी, कनेक्टरमध्ये पाणी गेल्यानं, वाऱ्यानं डिश हलल्यानं, नाहीतर लाइट गेल्यानं. ७०-८० गिगाहर्ट्झची जी प्रचंड स्पीडची मशीनं असतात त्यांना मात्र जोराचा पाऊस खरंच मारतो, ती कमी अंतरालाच वापरायची.

डिश हलणं म्हणजे काय ते एकदा बघायला या. एका टाकीवर मी, दहा किलोमीटरवर दुसऱ्या टाकीवर माझा जोडीदार, दोघांच्या कानाला फोन, मी केसभर फिरवतो आणि तो सिग्नलचा आकडा वाचतो, वजातला आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला, वजा सत्तर, अडुसष्ट, थांब, परत मागं घे, त्रेसष्ट, अठ्ठावन्न, बस बस, आवळ आता. आणि आवळताना परत एक-दोन आकडे सरकतात म्हणून परत सगळं पहिल्यापासून. एक डिग्री चुकली तर दहा किलोमीटरवर रोख पावणेदोनशे मीटर बाजूला जातो. अशी बसवलेली डिश कुणीतरी झेंडा लावायला, लाइटिंगच्या माळा बांधायला, नाहीतर स्पीकर अडकवायला धरून उभा राहतो आणि झालं. गणपतीत, जयंतीत, यात्रेत टाकीवर माळा लावा, पण डिशच्या पोलाला धरू नका एवढं पोरांना सांगा.

लाइटचं गणित उलट सोपं आहे. लिंकचे तीन रेडिओ (डिशला लावलेली मशीनं) आणि त्यांना जोडणारा एक नेटवर्क स्विच मिळून साधारण चाळीस वॉट, म्हणजे दिवसाला एक युनिटच्या आत. गावठाण फीडर असला तरी लाइट जाते, आणि एकदा बॅकहॉल बंद पडला की ज्याच्या घरात इन्व्हर्टर आहे त्याचंही नेट जातं. १५० अँपियर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी सगळी रिकामी न करता रात्र सहज काढते, वर एक सोलर पॅनल टाकलं की बहुतेक दिवस महावितरणवर अवलंबूनच राहावं लागत नाही. ग्रामपंचायतीनं बॅटरीसाठी पंप रूममध्ये कुलूपबंद, हवा खेळती राहील अशी जागा दिली तरी पुष्कळ झालं.

रेडिएशनचा प्रश्न प्रत्येक गावात निघतो, गरोदर बायका, चिमण्या, गाई, सगळं निघतं. माणसाला भीती वाटणं चूक नाही, नीट उत्तर मिळालं पाहिजे. या लिंकच्या रेडिओची पॉवर एक वॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, तुमच्या खिशातल्या फोनच्या पंगतीतली, आणि तीसुद्धा १८ मीटर वरून एका बारीक झोतात दुसऱ्या टाकीकडं जाते, खाली गावावर सांडत नाही. मोबाइल टॉवरसाठीसुद्धा भारतानं सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा ठेवली आहे. ज्याला शंका आहे त्याला बोलवा, ग्रामसभेत सगळ्यांसमोर उत्तर द्यायला ऑपरेटरला उभं करा.

एक काम तालुक्याच्या पातळीवर करायचं आहे आणि ते कुणीच करत नाही. ५ गिगाहर्ट्झचा बँड खुला आहे म्हणजे सगळ्यांनाच खुला आहे. एकाच टाकीवर तीन केबलवाले, प्रत्येकानं ८० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल (बँडमधला तुकडा) घेतलेला, पॉवर फुल्ल, आणि रात्री सगळेच एकमेकांच्या अंगावर, कुणाचंच नेट चालत नाही. ६०५ मेगाहर्ट्झ ऐकायला लई वाटतं पण ४० चे चॅनल केले तर कागदावर पंधराच्या आसपास होतात, त्यातले काही रडारसाठी सोडावे लागतात. म्हणून पंचायत समितीत एक साधी वही असू द्या, कुठल्या टाकीवरून कुठल्या दिशेला, कुठला चॅनल, किती रुंदीचा, कुणाचा. नवीन माणूस आला की आधी वही बघायची. याला खर्च शून्य आहे. सरपंच मंडळींनी तालुक्याच्या बैठकीत हा विषय काढला तर होईल, आम्ही ऑपरेटर आपापसात कधीच करणार नाही, हे मी धंद्यातला असून सांगतो.

कुणी म्हणेल की आता प्रत्येकाच्या हातात फाइव्हजी आहे, कशाला एवढा खटाटोप. आषाढीला वाखरी-भंडीशेगावच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला विचारा की फोनला नेट किती चालतं. लाखोंची गर्दी एका टॉवरवर येते, त्याच्यात कंपनीची चूक नाही, पण त्या दिवसांत तिथल्या उपकेंद्राला, ग्रामपंचायतीला वेगळं पक्कं नेट पाहिजे की नको. आणि आपल्याकडं माणसं गावठाणात कमी, वस्तीवर जास्त. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस, सगळीकडं डाळिंबाच्या नाहीतर उसाच्या रानात घर, फायबर आलं तरी ग्रामपंचायतीच्या कपाटात येऊन थांबतं, तिथनं तीन किलोमीटरवरच्या वस्तीला ते कोण ओढणार. टाकीवर एक सेक्टर अँटेना (एका बाजूला रुंद पसरणारा) लावला की दिसणाऱ्या वस्त्यांना छोट्या डिशवर नेट जातं, ई-पीक पाहणी असू दे, कारखान्याची ऊसनोंद असू दे, पोरांचा अभ्यास असू दे, बांधावर उभं राहून सिग्नल शोधत फोन वर धरायची पाळी येत नाही.

१ मे ला ग्रामसभा आहेच. विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, बॅटरी-सोलरचा खर्च वित्त आयोगाच्या अबंधित निधीत बसवता येतो का ते भाऊसाहेबांनी पंचायत समितीला आधी विचारून ठेवा, आणि शेजारच्या दोन-तीन सरपंचांना त्याच दिवशी तसाच ठराव घ्यायला फोन करा. सर्व्हेला अर्धा दिवस लागतो, टाकीच्या जिन्याची किल्ली आणि सोबत पाणीपुरवठ्याचा माणूस तेवढा द्या. क्लॅम्प, अर्थिंग आणि डिशचं काम वळवाचा जोर ओसरला की मृगाच्या आत उरकता येतं, एकदा पाऊस लागला की ओल्या जिन्यावर आम्ही माणूस चढवत नाही.

आपला,
टाकीवर चढणारा एक लिंकवाला, सोलापूर